मोठे इम्प्लांट काढून लहान बसवताना: कप्पा, त्वचा आणि व्रणाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१ वर्षे. २०१४ साली दोन्ही बाजूंना ३७५ सीसीचे गोल सिलिकॉन इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवले. व्रण स्तनाखालच्या घडीत आहे. त्यानंतर एक बाळंतपण झाले आणि वजन ८ किलोने वाढले. आता स्तन जड वाटतात, धावताना त्रास होतो, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर वळ उठतात. २०० सीसीचे इम्प्लांट बसवून घेण्याची इच्छा आहे. एका सर्जनच्या मते जुन्याच व्रणातून इम्प्लांट बदलले की काम होईल. दुसऱ्याच्या मते सोबत ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजे जास्तीची त्वचा काढून स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया, करावी लागेल आणि नवा व्रण येईल. कोणाचे बरोबर, आणि नवा व्रण टाळता येईल का?

दोन्ही मते परस्परविरोधी वाटत असली तरी दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. जुन्या व्रणातून इम्प्लांट बदलता येतील का, याचे उत्तर पहिल्या सर्जनने दिले आहे, आणि ते निःसंशय बदलता येतील. बदलल्यानंतर स्तन कसे दिसतील, याचा विचार करून दुसरा सर्जन बोलतो आहे. तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर इम्प्लांटच्या आकड्यापेक्षा तुमच्या त्वचेच्या आणि कप्प्याच्या, म्हणजे इम्प्लांट ज्या पोकळीत बसते तिच्या, मोजमापांवर अधिक अवलंबून आहे.

इम्प्लांट मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेत बऱ्याच उणिवा आपोआप झाकल्या जातात. थोडी सैल त्वचा भरून निघते, स्तनाग्र किंचित वर उचलल्यासारखे दिसते, दोन बाजूंमधला लहानसा फरक जाणवेनासा होतो. लहान करताना यातले काहीही घडत नाही. जी त्वचा दहाएक वर्षे ताणलेली होती ती सैल पडते आणि आधी लपलेला प्रत्येक फरक दिसू लागतो. मोठ्या अभ्र्यात लहान उशी घातली तर ती एका कोपऱ्यात जाऊन बसते, तसे लहान इम्प्लांट जुन्या कप्प्यात खाली किंवा काखेच्या बाजूला सरकते. उताणे झोपल्यावर हे विशेष जाणवते.

हे आकड्यांत पाहू. मध्यम उंचीच्या, म्हणजे छातीपासून मध्यम पुढे येणाऱ्या, ३७५ सीसी इम्प्लांटचा व्यास साधारण १३ सेंटिमीटर असतो आणि त्याच प्रकारातल्या २०० सीसीचा साधारण ११ सेंटिमीटर. कंपनीनुसार यात थोडा फरक पडतो. व्यासातला हा २ सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, परंतु क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जुन्या कप्प्याचा तळ नव्या इम्प्लांटच्या तळापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी मोठा निघतो. कप्पा आवळून लहान केला नाही तर एवढी मोकळी जागा तशीच राहते. यावर एक पर्याय असा सुचवला जातो की व्यास फारसा कमी न करता कमी उंचीचे, म्हणजे चपटे इम्प्लांट निवडावे, जेणेकरून कप्पा बराचसा भरेल आणि पुढे आलेला भाग तेवढा कमी होईल. काही स्त्रियांमध्ये हा पर्याय उत्तम ठरतो. मात्र ज्यांचे ऊतक पातळ आहे त्यांच्यात चपट्या इम्प्लांटच्या कडा आणि त्यावरच्या सुरकुत्या हाताला, क्वचित डोळ्यांनाही जाणवतात. म्हणून केवळ सीसी सांगून इम्प्लांट निवडणे योग्य नाही. आधी छातीवर स्तनाची रुंदी मोजायची, त्या रुंदीत बसणारा व्यास ठरवायचा, मग उंची, आणि या दोन्हींतून जो सीसीचा आकडा निघेल तो स्वीकारायचा, हा क्रम मी पाळतो. ब्राच्या कपावरून अंदाज बांधणे त्याहूनही बेभरवशाचे आहे, कारण एकाच स्त्रीला दोन ब्रँडमध्ये दोन वेगळे कप बसतात.

कप्पा लहान करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. इम्प्लांटभोवती शरीराने स्वतःच तयार केलेले जे तंतुमय आवरण असते, त्याला कॅप्सूल म्हणतात. पहिल्या पद्धतीत या कॅप्सूलची बाहेरची आणि खालची बाजू आत घेऊन न विरघळणाऱ्या किंवा फार सावकाश विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. त्याआधी तिथली एक पट्टी कापून काढावी लागते किंवा तो पृष्ठभाग उष्णतेने खरबरीत करावा लागतो, कारण गुळगुळीत कॅप्सूलला गुळगुळीत कॅप्सूल चिकटत नाही आणि नुसत्या टाक्यांवर विसंबले तर काही महिन्यांत कप्पा पुन्हा उघडतो. दुसऱ्या पद्धतीत जुन्या कॅप्सूलची पुढची भिंत आणि तिच्यावरचा स्नायू यांच्यामध्ये नवा, नेमक्या मापाचा कप्पा तयार करतात आणि जुना कप्पा चपटा करून शिवून टाकतात. हे काम वेळखाऊ आहे आणि प्रत्येकाच्या ऊतकांत जमतेच असे नाही, पण इम्प्लांट मूळ जागेपासून बरेच घसरलेले असेल तर मला हीच पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते. ऊतक फारच पातळ असेल तर आधारासाठी जाळी वापरता येते. त्याने खर्च वाढतो आणि प्रत्येकीला तिची गरज नसते.

इथे ‘जुने आवरण पूर्णच काढून टाका’ या मागणीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण अलीकडे बऱ्याच स्त्रिया समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून ‘एन ब्लॉक’ शस्त्रक्रिया हवी असे लिहूनच आणतात. इम्प्लांट आणि कॅप्सूल एकसंध, भोवतीच्या थोड्या निरोगी ऊतकासह काढण्याची ही पद्धत मुळात कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतली आहे. कॅप्सूल पातळ, मऊ आणि निरोगी असेल तर ती ठेवणे हिताचे असते. टाके धरायला तीच तर आधार देते. कॅप्सूल जाड किंवा कडक झाली असेल, तिच्यात कॅल्शियम साचले असेल, इम्प्लांट फुटले असेल किंवा गाठ वा संशयास्पद द्रव आढळला तर मात्र ती काढावी आणि तपासणीला पाठवावी. स्नायूखालच्या इम्प्लांटमध्ये कॅप्सूलची मागची भिंत बरगड्यांना चिकटलेली असते आणि ती सोलून काढताना फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरण्याचा धोका असतो. सबळ कारण नसताना तो पत्करू नये.

आता त्वचेकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा निकाल तिथे लागतो. स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर त्वचा ताणून मोजतात. साधारणपणे २०० सीसीच्या इम्प्लांटला हे अंतर ७ सेंटिमीटर आणि ३७५ सीसीला ९ सेंटिमीटर असले की आकार प्रमाणबद्ध दिसतो. तुमच्या बाबतीत इम्प्लांट दहा वर्षांहून अधिक काळ आहे, मध्ये एक बाळंतपण झाले आहे आणि वजनही वाढले आहे, त्यामुळे हे अंतर १० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास नवल नाही. तसे असेल तर २०० सीसीसाठी ३ सेंटिमीटर त्वचा जास्तीची ठरते. तेवढी त्वचा आपोआप आक्रसेल अशी अपेक्षा चाळिशीत, विशेषतः पोटावर किंवा स्तनावर ताणाच्या पांढऱ्या रेषा असतील तर, ठेवू नये. त्या रेषा म्हणजे त्वचेतले लवचिक तंतू तुटल्याची खूण असते.

दुसरे मोजमाप म्हणजे स्तनाग्राची घडीच्या तुलनेतली पातळी. स्तनाग्र घडीच्या बरेच वर असेल आणि त्वचा घट्ट असेल तर केवळ इम्प्लांट बदलून आणि कप्पा आवळून चांगला परिणाम मिळू शकतो. स्तनाग्र आजच घडीच्या पातळीवर असेल तर इम्प्लांट लहान झाल्यावर ते खाली झुकणार हे गृहीत धरावे. ते घडीच्या खाली गेलेले असेल तर लिफ्टशिवाय लहान इम्प्लांट बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. मोजपट्टी घेऊन ही दोन अंतरे तुमच्यासमोर न मोजता ‘लिफ्ट लागेल’ किंवा ‘लागणार नाही’ असे कोणी सांगितले असेल, तर त्या मताला फारसे वजन देऊ नका.

व्रणाविषयीचा तुमचा संकोच समजण्यासारखा आहे. लिफ्टचे व्रण तीन प्रकारचे असतात. एरिओलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, कडेने फक्त गोल व्रण घेतला तर थोडीच त्वचा कमी करता येते, आणि या व्रणाला जास्त ताण दिला तर एरिओला पसरतो व स्तन पुढून चपटा दिसतो. गोल अधिक उभा व्रण घेतला तर स्तनाग्राखालची जास्तीची त्वचा नीट काढता येते. लहान इम्प्लांटकडे जाणाऱ्या बहुतेक स्त्रियांना हाच लागतो. त्याला घडीतला आडवा व्रण जोडला की तिसरा, उलट्या ‘टी’सारखा प्रकार होतो. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत व्रण काही महिने गडद व जाडसर राहण्याची प्रवृत्ती अधिक असते, आणि छातीच्या मध्यरेषेजवळ तर ती विशेष दिसते, त्यामुळे आडवा व्रण आतल्या बाजूला शक्य तेवढा आखूड ठेवावा लागतो. तुमच्या घडीतला जुना व्रण कसा बरा झाला आहे, हा सर्वांत उपयोगी पुरावा तुमच्याजवळच आहे. तो बारीक आणि फिका असेल तर उभ्या व्रणाची भीती बाळगण्याचे कारण नाही. तो उंचावलेला आणि खाजणारा असेल तर मात्र विचार बदलावा लागेल. कपड्यांतून किंवा पोहण्याच्या पोशाखातून उभा व्रण दिसत नाही. घसरलेला आकार मात्र कपड्यांतूनही लपत नाही.

इम्प्लांट बदलणे, कप्पा आवळणे आणि लिफ्ट ही तिन्ही कामे एकाच वेळी करण्यात मुख्य धोका असतो तो स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्याचा. तो छातीच्या हाडालगतच्या, काखेकडच्या आणि बरगड्यांमधून येणाऱ्या धमन्यांच्या शाखांतून होतो. मोठ्या इम्प्लांटच्या दाबाने वरचे ऊतक कालांतराने पातळ होते, पहिल्या शस्त्रक्रियेत काही शाखा कापल्या गेलेल्या असतात, आणि लिफ्टमध्ये त्वचेवर पुन्हा छेद घेतले जातात. रक्तपुरवठा अपुरा पडला तर जखम सावकाश भरते आणि क्वचित प्रसंगी स्तनाग्राचा काही भाग काळा पडून गळतो. तुमचे इम्प्लांट स्नायूखाली आहे ही जमेची बाजू आहे, कारण स्नायूतून वर स्तनात येणाऱ्या बऱ्याच शाखा अशा वेळी शाबूत राहतात. ग्रंथीखालच्या, म्हणजे स्नायूच्या वर बसवलेल्या, इम्प्लांटमध्ये त्या कापल्या गेलेल्या असतात. तरीही ऊतक फार पातळ आढळले तर दोन टप्प्यांत काम करणे शहाणपणाचे. आधी इम्प्लांट आणि कप्पा, मग ३ ते ६ महिन्यांनी लिफ्ट. दोनदा भूल घेणे कोणालाच आवडत नाही, परंतु या मधल्या काळात त्वचा किती आक्रसते ते प्रत्यक्ष दिसते आणि काही वेळा दुसऱ्या टप्प्याचा व्रण अपेक्षेपेक्षा लहान घेता येतो.

याच कारणासाठी निकोटिनचा विषय मी कधीच टाळत नाही. सिगारेट ओढत नाही असे सांगणाऱ्या कित्येक स्त्रिया मिश्री लावतात आणि ती तंबाखूच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. मिश्री, तंबाखू, सिगारेट, व्हेप, निकोटिनचे च्युइंग गम, यांपैकी काहीही असले तरी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान ४ आठवडे पूर्ण बंद हवे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि लिफ्टमध्ये स्तनाग्र जिवंत राहते ते त्याच वाहिन्यांच्या भरवशावर.

आता जडपणाविषयी. सिलिकॉन जेलचे वजन जवळपास तेवढ्याच पाण्याइतके, किंचित कमी असते. ३७५ वरून २०० सीसीवर आलात तर प्रत्येक बाजूचे सुमारे १७० ग्रॅम वजन कमी होईल. हा फरक जाणवतो, पण ८ किलो वजनवाढीतला काही भाग तुमच्या स्तनांतही चरबीच्या रूपाने आलेला असणार. तुमच्या जडपणात इम्प्लांटचा वाटा किती आणि स्वतःच्या ऊतकाचा किती, हे ठरवल्याशिवाय २०० हा आकडा पक्का करण्यात अर्थ नाही. तपासताना चिमटीत येणारी जाडी आणि सोनोग्राफी यांवरून याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. स्वतःचे ऊतकच पुरेसे असेल तर एक वेगळा पर्याय खुला होतो. इम्प्लांट काढून टाकायचे, नवे बसवायचेच नाही, आणि फक्त लिफ्ट करायची. वरचा भाग रिकामा वाटल्यास पुढे पोटाची किंवा मांडीची चरबी भरता येते, जरी तिचा काही भाग शरीर शोषून घेते. हा पर्याय तुम्हाला दोन्ही सर्जनांपैकी कोणी सांगितल्याचे तुमच्या प्रश्नात दिसत नाही. तो तुम्ही आवर्जून विचारावा, कारण इम्प्लांट हे आयुष्यभर टिकणारे साधन नाही, आणि चाळिशीत नवे बसवले तर पुढे आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता बरीच आहे. वजन मात्र शस्त्रक्रियेआधीच कमी करून ३ ते ६ महिने स्थिर ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर ६ किलो उतरवले तर सगळी मोजमापे बदलतात.

जुन्या इम्प्लांटची कागदपत्रे शोधा. त्या वेळी दिलेल्या कार्डावर कंपनी, आकार, पृष्ठभाग आणि क्रमांक असतो. कार्ड हरवले असेल तर त्या रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची नोंद मागवा. पृष्ठभाग गुळगुळीत होता की खरबरीत, हे कळणे महत्त्वाचे आहे. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लसिका पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग निगडित असल्याचे आढळल्यावर ॲलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये आपली ‘बायोसेल’ पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तुमचे इम्प्लांट २०१४ चे, म्हणजे त्यापूर्वीचे आहे. ते त्याच प्रकारचे निघाले तरी घाबरण्याचे कारण नाही. काहीच त्रास नसेल तर केवळ त्यासाठी ते काढावे असा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही दिलेला नाही. परंतु एक बाजू अचानक सुजली, द्रव साचला किंवा गाठ लागली, तर इम्प्लांट बदलण्याच्या तारखेची वाट न पाहता आधी सोनोग्राफी करून तो द्रव तपासून घ्यावा. तसेही शस्त्रक्रियेपूर्वी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करायचीच आहे, आणि इम्प्लांट फुटल्याचा संशय आला तर एमआरआय.

शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर दोन-तीन मापांचे तात्पुरते साइझर, म्हणजे माप पाहण्यापुरती इम्प्लांट, घालून, भूल चालू असतानाच रुग्णाला जवळजवळ बसते करून आम्ही आकार पाहतो. सर्व मोजमापे केल्यावरही अंतिम निवड तिथेच होते. म्हणून संमतीपत्रात ‘२०० ते २५० सीसी, आणि गरज भासल्यास उभ्या व्रणाची लिफ्ट’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘२०० म्हणजे २००च’ असा आग्रह धरला की सर्जनचे हात बांधले जातात. संगणकावरच्या त्रिमितीय चित्रांवर फार भिस्त ठेवू नये. ती आकारमान ठीक दाखवतात, सैल त्वचा कशी वागेल हे दाखवू शकत नाहीत.

नंतरचा काळ पहिल्या वेळेपेक्षा बहुधा कमी वेदनांचा असतो, कारण स्नायू पुन्हा नव्याने उचलावा लागत नाही. आत साचणारा द्रव बाहेर काढणाऱ्या एक-दोन नळ्या काही दिवस राहू शकतात. बैठ्या कामावर साधारण ७ ते १० दिवसांत जाता येते, दुचाकी ३ आठवडे नको, धावणे आणि वजने उचलणे ६ आठवडे नको. आतल्या टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून आधार देणारी ब्रा रात्रंदिवस घालावी लागते, आणि कुशीवर झोपणे टाळावे लागते. हे पथ्य कंटाळवाणे आहे, पण कप्प्याची दुरुस्ती टिकते की उघडते ते याच दिवसांत ठरते. पहिल्या महिन्यात स्तनाचा खालचा भाग चपटा आणि वरचा फुगलेला दिसला तर निराश होऊ नये. आकार स्थिरावायला ३ ते ६ महिने लागतात, व्रण फिके पडायला वर्षभर.

खर्चाबाबत एवढेच, की सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. दोन टप्प्यांचा खर्च आधीच लेखी मागून घ्या, आणि पुढे काही गुंतागुंत उद्भवल्यास तिचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर असू द्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का ते पाहा, आणि मोठे इम्प्लांट लहान केलेल्या रुग्णांची वर्षभरानंतरची छायाचित्रे दाखवायला सांगा. सहा आठवड्यांनंतरची छायाचित्रे या बाबतीत काहीच सांगत नाहीत.

तुम्ही कळवलेल्या माहितीवरून, प्रत्यक्ष न तपासता, माझा कल असा आहे. ३७५ वरून २०० सीसी, एक बाळंतपण आणि वयाची एक्केचाळिशी हे सगळे एकत्र धरले तर उभ्या व्रणाची लिफ्ट लागण्याची शक्यता अधिक वाटते. व्रण कोणत्याही परिस्थितीत नको असेल तर उद्दिष्ट थोडे वर न्यावे, म्हणजे २७५ ते ३०० सीसीच्या आसपास, आणि कप्पा काळजीपूर्वक आवळून घ्यावा. मग वजन मात्र २०० सीसीवर गेल्यास जेवढे उतरले असते त्याच्या साधारण निम्मेच उतरेल. दोन्ही सर्जनांकडे पुन्हा जा, घडीपर्यंतचे अंतर आणि स्तनाग्राची पातळी मोजून कागदावर लिहून घ्या, आणि ‘लिफ्ट केली नाही तर सहा महिन्यांनी स्तनाग्र कुठे असेल?’ हा एकच प्रश्न दोघांना विचारा. नवे इम्प्लांट बसवलेच, तर त्याचे कार्ड जपून ठेवा, ५ ते ६ वर्षांनी आणि पुढे दर २ ते ३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते शाबूत आहे ना ते पाहा, आणि मॅमोग्राफीला जाताना इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञांना आधीच सांगा, म्हणजे ते इम्प्लांट मागे सारून स्तनाची वेगळी चित्रे घेतील.